केनियन आणि युगांडन शिलिंग: १९६६ पासूनचे दर कसे जुळवायचे?

भोसरी_खातेवही
भोसरीहून पंपांचे सुटे भाग नैरोबीच्या डीलरकडे जातात आणि त्यातला बराच माल तो कंपालात विकतो. जुन्या भावांच्या तुलनेसाठी एका केनियन शिलिंगला किती युगांडन शिलिंग, अशी वर्षवार मालिका हवी आहे. जागतिक बँकेच्या वार्षिक सरासरी डॉलर-दरांवरून युगांडा भागिले केनिया असं काढलं. १९६६ ला ०.०७१४ भागिले ७.१४, म्हणजे ०.०१. १९९० ला १८.७, २०२० ला ३४.९ आणि २०२३ ला २६.६. १९६६ मध्ये युगांडाचं चलन शंभरपट भारी होतं का? आणि २०२० नंतर आकडा खाली का आला?

एरंडवणे_अर्थ
शंभरपट नव्हे, दोन्ही एकास एक होते. तोवर केनिया, युगांडा आणि टांझानियात ईस्ट आफ्रिकन करन्सी बोर्डाचा एकच शिलिंग चालायचा. १९६६ मध्ये तिघांनी आपापल्या नोटा काढल्या, त्या जुन्या शिलिंगच्याच भावाने. तुमचे ७.१४ तिथलेच आहेत: पौंडाचे २० शिलिंग, पौंडाला २.८० डॉलर, २० भागिले २.८०. १९६७ ला पौंडाचं अवमूल्यन झालं तेव्हा या तिघांनी आपला दर हलवला नाही, म्हणून ७.१४ पुढची काही वर्षंही तसेच दिसतील.

घोळ झालाय तो १९८७ मुळे. त्या वर्षी मे महिन्यात युगांडाने १०० जुन्या शिलिंगचा १ नवा शिलिंग केला, आणि आकडेवारीत मागची सगळी वर्षं नव्या शिलिंगमध्ये बदलून ठेवलेली असतात. म्हणून ७.१४ चे ०.०७१४ झाले. तुमचा भागाकार बरोबर आहे, फक्त दोन रकाने ठेवा. दीर्घ काळाच्या तुलनेला नवा शिलिंग. आणि मे १९८७ आधीचं एखादं बिल किंवा पावती तपासायची असेल तर त्याच आकड्याला १०० ने गुणून जुना शिलिंग.

१९८७ ची वार्षिक सरासरी मात्र वापरू नका. त्याच मे महिन्यात अधिकृत दर डॉलरला १४ वरून थेट ६० नव्या शिलिंगवर नेला. वर्षाची सरासरी ४२.८ येते, आणि त्या भावाने कुणीच व्यवहार केलेला नसतो. त्या वर्षापुरते मासिक आकडे घ्या. शिवाय नोटा बदलताना ३० टक्के कर कापला गेला. १,००० जुन्या शिलिंगचे हिशेबाने १० नवे व्हायचे, हातात आले ७. त्या वर्षाचे जुने ताळेबंद जुळले नाहीत तर आधी ही कपात शोधा, दरात चूक शोधत बसू नका.

सदाशिव_क्रॉसरेट
वरचं सगळं बरोबर, पण खरा धोका १९७० च्या दशकात आहे. १९७५ पासून दोन्ही चलनं एसडीआरला (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं, काही मोठ्या चलनांवर आधारलेलं हिशेबी एकक) बांधलेली होती, त्यामुळे १९८० ची सरासरी दोन्हीकडे ७.४२ च येते. कागदावर एकास एक! प्रत्यक्षात हुकूमशहा इदी अमीनच्या काळात युगांडात परकीय चलन मिळेनासं झालं होतं आणि व्यापार मागेंडोत, म्हणजे काळ्या बाजारात चालत होता. तिथला भाव अधिकृत भावाच्या कितीतरी पट होता. जून १९८१ मध्ये युगांडाने चलन तरंगतं सोडलं, म्हणजे दर बाजारावर सोपवला, आणि त्या वर्षाची सरासरी डॉलरला ५० जुन्या शिलिंगवर गेली. केनिया तेव्हा ९.०५. म्हणजे एकास एक वरून एकदम ५.५. ही घसरण एका वर्षाची नाही, आधी साचलेली एका वर्षात कबूल केली. १९७२ ते १९८१ च्या ओळींपुढे ‘फक्त अधिकृत दर’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर त्यावरून काढलेला प्रत्येक भाव फसवा ठरेल.

१९९३ नंतर दोन्हीकडे दर बाजारच ठरवतो, तिथून भागाकारावर विसंबायला हरकत नाही. २००० ला २१.६, २०१० ला २७.५, २०१५ ला ३३.

२०२० नंतरचं कारण केनियाकडे आहे. डॉलर तिथे सरासरी १०६.५ होता, तो २०२३ मध्ये १३९.८ झाला, युगांडा मात्र ३,७०० च्या आसपासच राहिला. जून २०२४ मध्ये केनियाला २ अब्ज डॉलरचे युरोबाँड (परदेशात विकलेले डॉलरमधले कर्जरोखे) फेडायचे होते, त्याची धास्ती बाजारात होती. फेब्रुवारीत १.५ अब्जांचे नवे रोखे विकून जुन्यांतले बरेच परत घेतले आणि दर पालटला. डिसेंबर २०२३ अखेर डॉलरला सुमारे १५७, मार्च अखेर सुमारे १३२. क्रॉस रेट, म्हणजे तुमचा युगांडा भागिले केनिया, तीन महिन्यांत २४ वरून २९ वर! त्या काळातल्या बिलांना वार्षिक सरासरी लावू नका.

भोसरी_खातेवही
खूप आभार. एक राहिलं. केनियाच्या मध्यवर्ती बँकेच्या यादीत डॉलरपुढे १२९ आणि युगांडापुढे २८ आहे. म्हणजे एका युगांडन शिलिंगला २८ केनियन?

एरंडवणे_अर्थ
उलट. डॉलरच्या ओळीत एका डॉलरला किती केनियन शिलिंग ते असतं. युगांडा आणि टांझानियाच्या ओळीत एका केनियन शिलिंगला त्यांचे किती, असं देतात. ओळीचं नाव वाचल्याशिवाय आकडा उचलू नका. आणि तो उलटा करून साठवूही नका: २८.५ चा व्यस्त ०.०३५०९ येतो, एक्सेलमध्ये दोन दशांश ठेवले तर ०.०४ होतो, आणि परत उलटा केला की २५. बारा टक्के तिथेच गेले. बिलाच्या तारखेचे दोन्ही डॉलर-दर एकाच दिवसाचे, दोन्ही मधले घ्या. एक खरेदीचा आणि एक विक्रीचा असं झालं तर बँकेचं मार्जिन क्रॉस रेटमध्ये शिरतं. डीलरने प्रत्यक्ष काय मोजले ते त्याच्या बँकेच्या पावतीवरच दिसेल, ती मागवा.