पॅकेजमध्ये डायव्हिंग खरंच धरलेलं असतं का?
सगळं समाविष्ट असलेलं रिसॉर्ट घेतलं की स्कूबा डायव्हिंगचा वेगळा खर्च उरत नाही, असं कुणीतरी लिहिलंय. बऱ्याचदा उरतो! फुकट मिळते ती स्विमिंग पूलमधली तोंडओळख. बोटीवरचे डाइव्ह वेगळे. म्हणून बुकिंगआधी लेखी विचारून घ्या: रोज किती डाइव्ह, रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं उपकरण) आणि बीसीडी (पाण्यात तरंगणं सांभाळणारं हवेचं जॅकेट) धरून का, एका गाइडमागे किती जण. मी एकदा नुसता बुफे बघून ठरवलं. बोट दिवसातून एकदाच सुटायची, आणि हातात आलेल्या रेग्युलेटरचं माउथपीस चावून फाटलेलं. माझं मत विचाराल तर किनाऱ्यावरून पोहत गाठता येईल असं प्रवाळ जिथे आहे, तेच रिसॉर्ट घ्या. आणि परतीचं विमान जपून ठरवा. बरेच डाइव्ह झाले असतील तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात.