'माइट ॲज वेल', 'मे वेल' आणि नकाराची जागा

विचारणा

एका मालिकेची सबटायटल मराठीत करतोय. संवाद असा आहे: 'द बस हॅज गॉन, वुई माइट ॲज वेल वॉक.' माइट म्हणजे कदाचित, ॲज वेल म्हणजे सुद्धा. पण 'आपणसुद्धा कदाचित चालू' हे काही जमत नाही. पुढे 'इट मे वेल रेन' आहे. तिथल्या 'वेल'चा चांगल्याशी काय संबंध? साहाय्यक क्रियापद आणि क्रियाविशेषण असं जोडीनं आलं की काही नियम लागतो, की सरळ पाठच करायचं?

प्रतिसाद

या दोन जोड्या पाठच करा. सुटे अर्थ जोडून काही हाती लागणार नाही.

'इट मे रेन' म्हणजे पाऊस येईलही, न येईलही. मध्ये 'वेल' आला की पारडं येण्याच्या बाजूला झुकतं: पाऊस यायची बरीच शक्यता आहे, छत्री असू द्या.

'माइट ॲज वेल'मध्ये शक्यतेचा प्रश्नच नाही. दुसरा बरा पर्याय उरलेला नाही, म्हणून हे करू, असा तो सूर. तुमचं वाक्य मी 'बस तर गेली, आता चालतच जाऊ' असं करीन. यात उत्साह नसतो, हे विसरू नका. जेवायला थांबा म्हणणाऱ्या यजमानाला 'वुई माइट ॲज वेल' म्हटलंत, तर 'नाहीतरी दुसरं काही नाहीये, जेवतो तुमच्याकडे' असं ऐकू जाईल. चिडून बोलतानाही ही जोडी येते: 'आय माइट ॲज वेल टॉक टू द वॉल.' आपण म्हणतो, त्यापेक्षा भिंतीशी बोललेलं परवडलं. हे 'त्यापेक्षा… परवडलं' किंवा '…लेलं काय वाईट' हाताशी ठेवा, सबटायटलला उपयोगी पडतं.

'हॅड बेटर'ही याच जातीचं. 'यू हॅड बेटर गो' यात 'हॅड' असूनही भूतकाळ नाही. आपल्या 'तू निघालेलं बरं' मध्येही रूप भूतकाळाचंच आहे आणि निघायचं मात्र अजून बाकी आहे. फक्त इंग्रजीत त्यामागे 'नाहीतर बघ' अशी छटा असते, म्हणून वरिष्ठांना उद्देशून वापरू नये.

उपप्रतिसाद

आम्हाला शाळेत शिकवलं होतं, क्रियाविशेषण साहाय्यक क्रियापदाच्या पाठोपाठ ठेवायचं. 'ही विल प्रॉबेबली कम.' मग 'ही प्रॉबेबली वोन्ट कम' मध्ये ते आधी का येतं?

प्रतिसाद

नकारामुळे. नियम होकारी वाक्यापुरता ठीक आहे. नकार आला की क्रियाविशेषण त्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, यावर अर्थ फिरतो. 'बहुतेक' हा अंदाज न येण्याबद्दलचा आहे, म्हणून तो नकाराच्या बाहेर, म्हणजे आधी बसतो.

'सिंपली'मध्ये हे अगदी उघडं दिसतं. 'यू सिंपली कान्ट लीव्ह': तुला जाताच येणार नाही. 'यू कान्ट सिंपली लीव्ह': तुला असंच उठून जाता येणार नाही, आधी राजीनामा दे, हिशेब पूर्ण कर, मग खुशाल जा. पहिल्यात दार बंद आहे, दुसऱ्यात नाही. शब्द तेच चार. मराठीत हेच काम 'च' करतो: 'आज जाऊच नकोस' आणि 'आजच जाऊ नकोस' यांत कुणाचा गोंधळ होत नाही. तो कान इंग्रजी वाचताना वापरा.

'रिअली'चंही तेच. 'आय रिअली कान्ट से' यात ठामपणा आहे: खरंच नाही सांगता येत. 'आय कान्ट रिअली से' म्हणजे तसं नक्की नाही सांगता येणार. पहिल्याला 'तसं' लावलंत, तर पात्राचा स्वभावच बदलेल.

'पॉसिबली' तर दुतोंडी. 'कुड यू पॉसिबली हेल्प?' इथे विनंती मऊ होते: जमलं तर बघाल का? नकारात मात्र तोच शब्द ठासून बोलतो. 'आय कुडन्ट पॉसिबली ईट एनी मोअर' म्हणजे आता घासभरही नको. तिथे 'कदाचित' आणू नका.

कोणतं क्रियाविशेषण कुणाशी जुळतं, यालाही थोडा हिशेब आहे. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जॉन लायन्स यांनी 1977 मध्ये यावर लिहिताना, खात्रीची पातळी जुळणाऱ्या जोडीला सुसंवादी म्हटलं आहे. 'मे पॉसिबली' जुळतं, दोघेही साशंक. 'ही मस्ट सर्टनली बी ॲट होम' मध्ये दोघेही ठाम. 'मे सर्टनली' अंदाज म्हणून खटकतं. पण 'यू मे सर्टनली सिट हिअर' बिनचूक आहे, कारण तिथला 'मे' परवानगीचा: बसा ना, खुशाल बसा.

उपप्रतिसाद

सरकारी कागदांतलं 'मे काइंडली बी अप्रूव्हड' कुठल्या खात्यात टाकायचं? त्यात अंदाजही नाही आणि परवानगीही नाही.

प्रतिसाद

ते भारतीय कचेरीचं खास इंग्रजी. तिथला 'मे' विनंतीचा, आपल्या 'मान्यता मिळावी' मधल्या 'वी'सारखा. 'काइंडली' म्हणजे त्यावर आणखी जोडलेलं 'कृपया'. आपल्याकडच्या कागदावर कुणाला खटकत नाही. लंडनच्या माणसाला पाठवायचं असेल तर 'कुड यू प्लीज अप्रूव्ह' लिहा. आणि सबटायटलमध्ये एखादा बाबू हे बोलत असेल, तर 'मान्यतेसाठी सादर' एवढं पुरे.