न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे रात्री बंद ठेवावी का?

आडगाडी (धागाकर्ता)

27 ऑक्टोबर 1904 रोजी सुरू झालेली न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे आज 472 स्थानकांची आहे आणि ती चोवीस तास चालते, याचा या शहराला मोठा अभिमान आहे. माझ्या मते हाच अभिमान आता तिच्या दुरुस्तीच्या आड येतो आहे.

अनेक मार्गांवर अजूनही 1930 च्या दशकातल्या पद्धतीचे सिग्नल आहेत. त्यात रुळाचे ठरावीक टप्पे पाडलेले असतात. टप्प्यात गाडी आहे एवढेच यंत्रणेला कळते, नेमकी कुठे आहे ते कळत नाही, म्हणून दोन गाड्यांमध्ये गरजेपेक्षा जास्त अंतर सोडावे लागते. गाडीचे स्थान रेडिओवरून सतत कळवणारी नवी यंत्रणा आधी 'एल' (L) नावाच्या मार्गावर आणि 2018 मध्ये 'सेव्हन' (7) मार्गावर पूर्ण झाली, पण एकेका मार्गाला वर्षानुवर्षे लागतात. रात्री कामगार रुळावर उतरले, की गाडीला वीज पुरवणाऱ्या 625 व्होल्टच्या तिसऱ्या रुळाची वीज तोडणे, सामान उतरवणे आणि पहाटेच्या आत सगळे आवरणे यातच रात्र सरते. करोनाच्या साथीत 6 मे 2020 पासून 17 मे 2021 पर्यंत रात्रीची वाहतूक बंद होती, तेव्हा शहर काही बुडाले नाही. रोज रात्री एक ते पाच हा कायमचा बंद का नसावा?

दुसरी पाळी

शहर बुडाले नाही, कारण ते तेव्हा घरात बसले होते. आणि जे घरात बसले नव्हते त्यांना विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही. मी रुग्णालयात काम करते आणि माझी पाळी रात्री दोनला सुटते. त्या वर्षी दोन बस बदलून क्वीन्सला पोहोचेपर्यंत उजाडत असे. शिवाय तो बंद साफसफाईसाठी होता, सिग्नलसाठी नव्हे. फलाटांची दारे बंद असतानाही गाड्या रिकाम्या धावतच होत्या. जी रेल्वे कधी थांबायचीच नव्हती, तिच्याकडे सगळ्या गाड्या एकाच वेळी उभ्या करण्याइतके यार्ड कोण बांधणार? आपला प्रस्ताव प्रवाशाला बाहेर काढतो, गाडीला नाही.

चौथा रूळ

येथे एक गोष्ट विसरली जाते. मॅनहॅटनच्या मुख्य मार्गांवर चार-चार रूळ आहेत, म्हणून जलद मार्गावर काम चालू असताना धीम्या मार्गावरून गाडी नेता येते; बहुतेक शहरांकडे ही सोय नाही. एल मार्गाचे उदाहरण घ्या. ऑक्टोबर 2012 च्या सँडी वादळात ईस्ट नदीखालच्या त्याच्या बोगद्यात खारे पाणी शिरले. तो एप्रिल 2019 पासून 15 महिने पूर्ण बंद ठेवायचे ठरले होते, पण त्याच वर्षी जानेवारीत गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांनी तो बेत फिरवला. केबल जुन्या काँक्रीटच्या कट्ट्यात पुन्हा गाडण्याऐवजी बोगद्याच्या भिंतीवर टांगल्या आणि रात्री व शनिवार-रविवारी काम करून एप्रिल 2020 मध्ये ते संपवले. निर्णय कसा झाला याबद्दल मला आजही शंका आहे, कामाबद्दल मात्र नाही.

मेगाब्लॉकवाला

त्या कामाच्या काळात रात्री एलची गाडी वीस-वीस मिनिटांनी येत असे, कारण बोगद्याच्या दोन नळ्यांपैकी एकच दोन्ही दिशांना वापरली जात होती. याला मी अर्धा बंदच म्हणेन. मुंबईत रविवारचा मेगाब्लॉक अंगवळणी पडलेला आहे आणि लोकलही मध्यरात्रीनंतर काही तास विसावते, म्हणून मला आडगाडी यांचे म्हणणे मूळात पटते. मात्र सगळा उशीर जुन्या सिग्नलच्या माथी मारू नये. 1995 मध्ये विल्यम्सबर्ग पुलावर दोन गाड्यांची टक्कर झाल्यानंतर वेग आवरणारे सिग्नल जागोजागी बसवले गेले. त्यांतले अनेक चुकीचे लागलेले होते, त्यामुळे मोटरमन पाटीवरच्या वेगापेक्षाही हळू जात. अँडी बायफर्ड 2018 मध्ये ही रेल्वे चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष झाल्यावर ते तपासून दुरुस्त करण्याचे काम सुरू झाले, आणि त्यासाठी एकही मार्ग बंद ठेवावा लागला नाही.

आडगाडी

यार्डाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. संपूर्ण जाळे रोज रात्री बंद ठेवण्याची मागणी मी मागे घेतो. पण 2024 च्या उन्हाळ्यात 'जी' (G) मार्गाचे एकेक तुकडे पाळीपाळीने दिवसरात्र बंद ठेवून नव्या सिग्नलचे काम झाले. सुटे शनिवार-रविवार वर्षानुवर्षे खात बसण्यापेक्षा एकेका मार्गाने असे काही आठवडे सलग द्यावेत, एवढे तरी आपण मान्य कराल का?

दुसरी पाळी

आठवडे मान्य आहेत, तारखा आधी कळल्या तर. माझ्या मार्गाची पाळी येईल तेव्हा रात्री दोनची बस रुग्णालयाच्या दारातून सुटेल, की पुन्हा चार चौक चालत जाऊन तिची वाट पाहायची?