प्रवासात भेटलेल्या कलाकार मंडळींशी मैत्री टिकते कशी? (सल्ला हवा आहे)

रंगीत_दोरा
नमस्कार मंडळी. मी कपडे डिझाइन करते, त्यातही हातशिलाईचं काम जास्त. पुढचे तीन महिने मोकळे आहेत आणि एकटीने भटकायचं ठरवलंय. तिकिटं, राहणं वगैरे मी बघेन. अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी.

मागच्या प्रवासात फलाटावर गाडीची वाट बघत बसले होते. शेजारच्या बाईने माझ्या जॅकेटकडे दोन-तीनदा पाहिलं आणि सरळ विचारलं, "आतून बघू?" मी काढून दिलं. तिने ते उलटं केलं, खाकेतली शिवण अंगठ्याने चाचपली आणि म्हणाली, "इथे उसवून परत शिवलंय तुम्ही." खरं होतं. दोनदा उसवलं होतं. ती नाटकांचे कपडे बेतायची. गाडी दीड तास लेट झाली, आणि अजून लेट झाली तर बरं असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. नंबर घेतले-दिले. त्याला वर्ष झालं. ती माझ्या फोटोंवर बदाम टाकते, मी तिच्या फोटोंवर टाकते. बस्स.

अशा सात-आठ भेटी झाल्यात. एक छायाचित्रकार, एक मातीकाम करणारा, एक भित्तिचित्रं काढणारी. सगळ्यांची गत हीच. तर दोन प्रश्न: अशी माणसं भेटावीत म्हणून मुद्दाम जावं कुठे? आणि भेटल्यावर पुढे काय करावं? "स्वतःहून बोलत जा" छापाचे सल्ले कृपया नकोत, ते घरून फुकट मिळतात.

मुसाफिर_नऊ
पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. 'अर्बन स्केचर्स' शोधा. गॅब्रिएल कँपानारिओ नावाच्या वृत्तपत्रातल्या चित्रकाराने २००७ मध्ये सुरू केलेला गट, आता जगभरच्या शहरांत शाखा आहेत. ठरलेल्या दिवशी एका जागी जमायचं, जे समोर दिसतंय ते काढायचं. चित्रकला उत्तम असण्याची अट नाही. माझी तर अजिबात नाही, माझ्या इमारती नेहमी डावीकडे कलतात.

खरी गंमत शेवटी. सगळे आपापल्या वह्या जमिनीवर उघड्या मांडतात आणि त्यांच्याभोवती उभे राहतात. त्या दहा मिनिटांत कोण कसं बघतं हे कळतं. एकाच चौकातल्या वीस चित्रांत एखाद्याने फक्त वाळत घातलेला शर्ट काढलेला असतो. तुम्ही त्या शर्टवाल्याशी बोलायचं.

जुनी_वही
दोराताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच फलाटावर आहे. त्या बाईंनी तुम्हाला "काय करता?" असं विचारलं नाही, त्यांनी जॅकेट मागितलं. मग जॅकेट परत घालून तुम्ही नंबर दिलात, तिथे गाडी चुकली! त्यांच्या हातात काहीतरी राहायला हवं होतं.

कला आणि फॅशनमधल्या गाजलेल्या जोड्या आठवून बघा. फॅशन डिझायनर एल्सा स्कियापारेली आणि चित्रकार साल्वादोर दाली हे काय नुसते गप्पा मारणारे दोस्त नव्हते. १९३७ चा तो लॉबस्टरवाला ड्रेस घ्या. पांढऱ्या रेशमावर लाल लॉबस्टर, चित्र दालीचं, बेतलाय तिने. जिच्यासाठी ब्रिटनच्या राजाने गादी सोडली त्या वॉलिस सिम्पसनने तो घातला आणि सेसिल बीटनने तिचे फोटो काढले. त्याच सुमाराची बुटाची टोपी: टाच वर, बुटाचं नाक कपाळावर. पण माझा जीव जडलाय तो १९३८ च्या 'टिअर्स ड्रेस'वर. ड्रेसवर दालीने काढलेल्या फाटक्या चिंध्या छापलेल्या आहेत, म्हणजे तिथलं फाटणं खोटं. डोक्यावरून घ्यायच्या ओढणीवर मात्र खरेखुरे काप देऊन आतून गुलाबी लावलंय. दूरून दोन्ही सारखंच फाटकं दिसतं. यात चित्रकार कुठे संपतो आणि शिवणारी कुठे सुरू होते ते सांगा! मला विचाराल तर अशी मैत्री बोलून होत नाही. दोघांच्या मध्ये एक अर्धवट वस्तू ठेवावी लागते, ती पूर्ण करायला दुसऱ्याचा हात लागतो.

उलटी_टीप
जुनी वही यांच्याशी अर्धी सहमत. उरलेल्या अर्ध्याचं बिल मी भरलंय.

एका सहलीत एकीशी जमलं, चांगलंच जमलं. आठ दिवस एकत्र स्केच केलं, मी माझी कॉलरची वही तिच्याकडे ठेवून आले, "तूही भर" म्हणून. सव्वा वर्षाने एका ब्रँडच्या संग्रहात माझ्या तीन कॉलर दिसल्या. तिसरीत मी केलेली चूकसुद्धा जशीच्या तशी. विचारलं तर उत्तर आलं, "आपण दोघींनीच केलं होतं ना?" यावर काय बोलणार.

यात नवीन काही नाही म्हणा. नटी ऑड्री हेपबर्न १९५३ मध्ये 'सॅब्रिना' चित्रपटाच्या कपड्यांसाठी पॅरिसला डिझायनर ह्युबर्ट द जिव्हांशीकडे गेली. "मिस हेपबर्न येतायत" असा निरोप होता, त्याला वाटलं दुसरी नामवंत नटी, कॅथरिन हेपबर्न. आली ही. त्याने सांगितलं वेळ नाही, नव्या संग्रहाचं काम चालू आहे. तिने आधीच्या संग्रहातलेच कपडे घालून पाहिले, निवडले. चित्रपटाच्या वेशभूषेचं ऑस्कर मिळालं ते स्टुडिओची वेशभूषाकार एडिथ हेडला, जिव्हांशीचं नाव कुठेच नाही. त्या दोघांची मैत्री मात्र चाळीस वर्षं टिकली, १९९३ मध्ये तिच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता. पण लक्षात घ्या, नाव खाणारी तिसरी होती, मैत्रीण नव्हे. म्हणून निभावलं.

तेव्हा दोरा, वस्तू जरूर मध्ये ठेव. पण देण्याआधी तारखेसकट फोटो काढ, आणि "हे दोघींचं, कुठे वापरलं तर दोन्ही नावं" एवढं एक वाक्य मेसेजवर लिहून घे. मैत्रीत कसलं आलंय लिहून घेणं, असं वाटेल. मलाही वाटलं होतं.

काजवा
एकत्र काम ठीक, पण एकत्र राहायला जाऊ नका, एवढंच सांगायला आलो.

चित्रकार व्हॅन गॉगने फ्रान्समध्ये आर्लमधल्या पिवळ्या घरात आपल्या चित्रकार मित्राची, गोगँची किती वाट पाहिली! पाहुण्याची खोली सजवायला सूर्यफुलं रंगवली. गोगँ २३ ऑक्टोबर १८८८ ला आला आणि बरोबर दोन महिन्यांनी, २३ डिसेंबरच्या रात्री, व्हॅन गॉगने स्वतःचा कान कापायचा तो प्रकार घडला. एक समोर बघून रंगवणारा, दुसरा आठवणीतून रंगवा म्हणणारा. त्यात थंडी-पावसाने दोघंही घरात कोंडलेले. भेटीची वाट पाहताना जे निर्माण झालं तेच जास्त आनंदी आहे, असं मला तरी वाटतं.

याच्या उलट छोटा, मुदतीचा प्रवास. १९१४ च्या एप्रिलमध्ये पॉल क्ले, ऑगस्ट माके आणि लुई मुआये हे तिघं चित्रकार ट्युनिशियाला गेले. जेमतेम दोन आठवडे. क्ले आणि माके तेच रस्ते, तेच घुमट जलरंगात काढत होते. कैरुआनमध्ये क्लेने डायरीत लिहिलं की रंगाने मला ताब्यात घेतलंय, मी चित्रकार आहे. तोवर तो रंगाला बिचकून होता. माके त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला, वय २७. ते जलरंग उरले.

मुसाफिर_नऊ
काजवा, सोबतीने प्रवासाचं आणखी एक उदाहरण. प्रवासलेखक एला मायार आणि पीटर फ्लेमिंग, १९३५, पेकिंगहून (आताचं बीजिंग) काश्मीरपर्यंत, सात महिने. दोघांनाही खरं तर एकट्यानेच जायचं होतं! त्याला पुढे पोचायची घाई, तिला रेंगाळायची हौस. भांडून वेगळे झाले नाहीत. परत आल्यावर एकाच वाटेवर दोघांनी दोन वेगळी पुस्तकं लिहिली. मला हे फार आवडतं. प्रवास एक, वह्या दोन. उलटी_टीपचा श्रेयाचा प्रश्नच मिटला.

रंगीत_दोरा
बाप रे, एवढे प्रतिसाद! मनापासून धन्यवाद. न्यूयॉर्कच्या अँडी वॉरहॉल-बास्किया या चित्रकार जोडीबद्दल कुणी लिहिलं नाही, मला वाटलं पहिलं तेच येईल.

एक अडचण मात्र आहे. मी चारचौघांत वही उघडणारी नाही. वीस जणांत वही जमिनीवर ठेवायची कल्पनाच पोटात गोळा आणते. आणि माझं काम वहीत नसतंच, ते कापडात असतं.

काजवा
वॉरहॉल-बास्किया मुद्दामच टाळलं. सुरुवात काय झकास: १९८२, ऑक्टोबर, जेवायला भेटले, दोघांचा एकत्र पोलरॉइड काढला, बास्किया तो घेऊन घरी गेला आणि दोनेक तासांत दोघांच्या डोक्यांचं ओलं चित्र वॉरहॉलकडे हजर. शेवट मात्र १९८५ चं एकत्र प्रदर्शन. पोस्टरवर दोघं बॉक्सिंगचे हातमोजे घालून उभे, आणि समीक्षेत बास्कियाला वॉरहॉलचं शुभंकर ठरवलेलं. त्यानंतर दुरावलेच. मोठ्या नावाशेजारी उभं राहिल्यावर असं होतं. तुम्ही बरोबरीच्या माणसांत राहा.

जुनी_वही
चारचौघांचं जमत नसेल तर निवासी शिष्यवृत्त्या बघा, रेसिडेन्सी म्हणतात ते. 'रेस आर्टिस' या संस्थेच्या यादीत जगभरच्या मिळतील. निवडताना मी एकच पाहतो: दिवसा एकटं सोडतात का? अमेरिकेतलं मॅकडॉवेल १९०७ पासून तसं चालतं. दिवसभर रानातल्या आपापल्या स्टुडिओत, दुपारचं जेवणसुद्धा टोपलीतून दाराशी ठेवून जातात, दार वाजवत नाहीत. रात्रीच्या जेवणाला सगळे एकत्र. प्रत्येक स्टुडिओत लाकडी फळ्या आहेत, तिथे राहून गेलेल्यांनी त्यावर सह्या केलेल्या. बुजऱ्या माणसाला अशी जागा मानवते. अर्ज मात्र बरेच आधी करावे लागतात, तुमच्या या तीन महिन्यांत जमणं कठीणच.

आणि भरमसाट फी मागून वर "संधी" म्हणणाऱ्या जागांपासून चार हात लांब.

टाचणी
लंडनला जाणार असाल तर व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) संग्रहालयाचं ईस्ट स्टोअरहाउस चुकवू नका, २०२५ मध्ये उघडलंय. संग्रहातल्या पाच वस्तूंपर्यंत मागवता येतात, मोफत. किमान दोन आठवडे आधी नोंदवायचं. कपडे टेबलावर मांडलेले असतात, मध्ये काच नाही. जुनी वही यांचा लाडका 'टिअर्स ड्रेस' याच संग्रहालयाचा, पण प्रत्येक वस्तू मागवायला मोकळी असतेच असं नाही, आधी विचारून घ्या. मुद्दा असा की तिथे एकट्याने जाऊ नका. ओळख नुकतीच झालेल्या कुणाला तरी न्या. दोघांनी मिळून एक शिवण तासभर पाहिली की बोलायला विषय शोधावे लागत नाहीत.

कोरी_पाटी
अवांतर, पण राहवत नाही. इंदूरचे यशवंतराव होळकर. ऑक्सफर्डला शिकत असताना एकार्ट मुथेसियस नावाच्या जवळपास समवयस्क वास्तुविशारदाशी ओळख झाली, आणि त्यालाच माणिकबाग राजवाड्याचं काम दिलं. महाराज-महाराणींचे फोटो मॅन रेने काढले. ऑन्री-पिएर रोशे या लेखक मित्रामुळे शिल्पकार ब्रांकुसीची गाठ पडली, त्याची उडत्या पक्ष्यांची शिल्पं विकत घेतली, वर त्या शिल्पांसाठी मंदिर बांधायचं ठरलं. त्यासाठी ब्रांकुसी इंदूरला येऊनही गेला. मंदिर झालंच नाही. न झालेल्या कामांचीही कुणीतरी यादी करायला हवी.

उलटी_टीप
कोरी_पाटी +१, यावर वेगळा धागा काढा.

दोरा, वही नाही तर नाही. एक बाही बेत. कच्चे टाके घाल, अस्तर लावू नकोस, आणि त्या फलाटवाल्या बाईंना पाठव. एवढं झालं तरी पुरे. बाकी सात जणांचं नंतर बघ.

रंगीत_दोरा
काल रात्री बाही कापली. मनगटापासून कोपरापर्यंत कच्चा धावदोरा घातलाय, खाकेचा भाग तसाच मोकळा सोडलाय, टाचणीसुद्धा नाही. चिठ्ठी तीनदा लिहिली, तिन्ही फार शहाण्या वाटल्या. शेवटी खडूने आतल्या बाजूला फक्त "इथून पुढे?" एवढंच लिहिलं. पार्सल उद्या जाईल.

उलटी_टीप, फोटो काढून ठेवलाय. तारखेसकट.