परभणीत काळ्या मातीत पारिजातक: खड्डा, पाणी आणि न येणारी फुलं

अंगणवेल_परभणी
घराच्या पूर्वेला, कंपाउंडच्या आत दहा बाय पंधरा फुटांची मोकळी जागा आहे. तिथं पारिजातक लावायचा विचार करतेय. माती काळी, चार फुटांपर्यंत तरी मुरूम लागत नाही. पाणी बोअरचं, बादलीवर पांढरा थर धरतो. ऊन सकाळपासून दुपारी एकपर्यंत. खड्डा केवढा घ्यावा? रोप आणावं की फांदी लावावी? भिंतीपासून किती लांब? आणखी एक, गल्लीत दोन पारिजातक आहेत. एकाखाली सप्टेंबरात रोज सडा पडतो, दुसरा नुसता पाल्याने गच्च. असं का होत असेल?

मुरूममाती
ताई, पाच-सहा तास ऊन मिळालं की पारिजातकाला बास. तुमची अडचण मातीची आहे. काळ्या मातीत हे झाड उन्हाळ्याने कमी आणि ऑगस्ट-सप्टेंबरात साचलेल्या पाण्याने जास्त मरतं.

आधी निचरा बघा. दीड फूट खोल खड्डा घेऊन काठोकाठ पाणी भरा, जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चोवीस तासांनीही तळाशी दिसत असेल तर खड्ड्यात झाड लावायचंच नाही, भरीवर, म्हणजे मातीच्या उंचवट्यावर, लावायचं.

चार फूट व्यासाचा गोल आखा. त्यातली माती फूटभर खोल कुदळीने मोकळी करा, पण उपसू नका. वर फूटभर उंच भर घाला: दोन भाग तिथलीच माती, एक भाग बारीक मुरूम, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, शिवाय अर्धा किलो निंबोळी पेंड. पावसाने ही भर दबते, म्हणून सुरुवातीला फूटभर हवीच. रोप लावताना पिशवीतल्या मातीची पातळी भरीच्या पातळीला आली पाहिजे. बुडखा, म्हणजे खोडाचा तळ, मातीत गाडला की साल कुजते, आणि ते कळायला दोन-तीन महिने जातात. आळं बुडख्याला चिकटून नको, भरीच्या कडेने करा.

मृगाच्या पहिल्या सरीला घाई करू नका. जमीन नीट भिजून वापसा आला, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही, की लावा, साधारण जूनअखेर ते जुलैचा मध्य. चिखलात लावलं आणि पायाने दाबलं तर माती वाळून विटेसारखी होते.

घराच्या भिंतीपासून सहा फूट ठेवा, कंपाउंडकडे चार फूट चालतील. मुळं पाया फोडतील अशी भीती नको, पारिजातक तेवढा दांडगा नाही. पण काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. पायालगत सतत पाणी घालत राहिलात तर भिंतीला भेग जाईल आणि बोल झाडाला लागेल.

गोदाकाठ
एवढं कशाला? तीन बाय तीन बाय तीनचा खड्डा घ्यायचा, खाली फूटभर दगडगोटे आणि वाळू, वर खतमाती. आपल्याकडं सगळे असंच लावतात.

मुरूममाती
दादा, मुरमाड जमिनीत ते बरोबर आहे. चिकण काळ्या जमिनीत तो खड्डा म्हणजे हौद होतो. आजूबाजूचं पाणी त्या मोकळ्या मातीत उतरतं आणि तळाला वाट नसल्याने तिथंच थांबतं. खालच्या दगडगोट्यांनी निचरा होत नाही, पाणी उभं राहायला आणखी जागा मिळते. मुळं वरून निरोगी दिसतात, खाली काळी पडून वास मारतात. नुसती दोन-चार घमेली वाळू मिसळूनही चिकणमाती सुटी होत नाही.

कलमवाला_लातूर
रोप की फांदी, एवढ्यापुरतं लिहितो. यंदाच लावायचं तर रोपवाटिकेतून दोन-तीन फुटांचं रोप आणा. सहा फुटांचं जुनं रोप दिसायला भारी असतं, पण पिशवीत मुळांचं वेटोळं झालेलं असतं. पिशवीच्या तळातून जाड मुळं बाहेर आली असतील तर घेऊ नका.

बी लावायचं तर झाडाला येणारी चपटी, तपकिरी फळं, म्हणजे त्या टिकल्या, झाडावरच वाळू द्या. प्रत्येक टिकली मधून उकलते, दोन्ही कप्प्यांत एकेक बी असतं. ताजं बी दिवसभर भिजवून अर्धा इंच खोल पेरा. उगवण एकसारखी होत नाही, काही बिया महिनाभर घेतात, म्हणून ट्रे लगेच उलटा करू नका. रोप फुलावर यायला दोन-तीन वर्षं धरा.

गल्लीतल्या फुलणाऱ्या झाडाचंच रोप हवं असेल तर गुटी बांधा, म्हणजे झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून घ्या. छाट कलमापेक्षा, म्हणजे फांदी तोडून लावण्यापेक्षा, तिचा भरवसा जास्त. पावसाळ्यात करंगळीएवढी फांदी निवडा. अगदी कोवळी, चौकोनी कडांची डहाळी नको; कडा बोथट होऊन साल तपकिरी झालेली घ्या. इंचभर रुंद सालीचं कडं काढा, आतला बुळबुळीत थर सुरीच्या पाठीने खरवडा. तो राहिला की साल पुन्हा जुळते आणि मुळं फुटत नाहीत. भिजवून पिळलेलं शेवाळ (मॉस) मूठभर लावा, वरून प्लास्टिक घट्ट गुंडाळून दोन्ही टोकं बांधा. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून मुळं दिसतात. ती पांढऱ्याची तपकिरी होऊ लागली की गुटीच्या खालून कापा, निम्मी पानं काढा आणि पिशवीत लावून सावलीत ठेवा. जमिनीत पुढच्या पावसाळ्यात.

पाचोळा
न फुलणाऱ्या झाडाची कारणं बहुतेक तीनच असतात. सावली, युरिया, आणि चुकीच्या वेळची कात्री. तिसरं सगळ्यात जास्त. पारिजातकाला कळ्या येतात त्या पावसाळ्यात वाढलेल्या नव्या फांद्यांच्या शेंड्यांना आणि पानांच्या बगलेत. गणपतीच्या आधी अंगण साफ करताना कुणी शेंडे छाटले की त्या वर्षीची फुलं गेलीच. छाटणी बी पडून गेल्यावर, फेब्रुवारीत करा. प्रत्येक फांदीचा वरचा एक तृतीयांश भाग काढा, झाड दहा-बारा फुटांवर राखता येतं. खत जूनमध्ये एकदाच, दोन घमेली शेणखत. लॉनला युरिया टाकता त्याच पाण्यावर झाड असेल तर नुसती हातभर पानं येतील.

अजून एक. मार्च ते मे पारिजातक पानं टाकतो. झाड वाळलं म्हणून तोडू नका. नखाने साल खरवडा, खाली हिरवं दिसलं की जिवंत आहे.

अंगणवेल_परभणी
मग भरीवरच लावते. पहिल्या उन्हाळ्यात पाणी किती? आणि हे बोअरचं पाणी चालेल का?

मुरूममाती
पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पंधरा-पंधरा लिटर, रोज तांब्याभर नको. रोजच्या शिंतोड्याने मुळं वरच राहतात आणि मेमध्ये भेगा पडल्या की तुटतात. भर लवकर वाळते, म्हणून चार इंच सोयाबीनचं भुसकट किंवा उसाचं पाचट पसरा. बुडख्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर वाळवी खोडावर चढते. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांची उघडीप पडली तर तेव्हाही एक पाणी द्या.

बोअरचं पाणी चालेल, पण कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. लोह मातीत असतं, चुनखडीमुळे मुळांना मिळत नाही. लिटरला पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि एक ग्रॅम सायट्रिक ॲसिड मिसळून संध्याकाळी फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा. फरशीवर थेंब पडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत. जुनी, खालची पानं अख्खी पिवळी पडत असतील तर हिराकस उपयोगाचं नाही, पाणी साचतंय का ते बघा. चुलीची राख टाकू नका, तिने माती आणखी अल्कधर्मी होते. जमलं तर छतावरच्या पन्हाळीचं पाणी टाकीत साठवून महिन्यातून एकदा तेच द्या.

पाचोळा
आरओचं वाया जाणारं पाणीही घालू नका, त्यात बोअरपेक्षा जास्त क्षार असतात. पावसाळ्यात सुरवंट आले तर चिमट्याने किंवा हातमोजे घालून वेचा, केसांनी अंगाला खाज सुटते. फारच झाले तर लिटरला पाच मिली निंबोळी तेल, थोडं साबणपाणी घालून, पानांच्या खालच्या बाजूनेही फवारा. पूजेची फुलं वेचायची असतील तर फवारणी कळ्या धरायच्या आधी उरकून घ्या.