'सलग', 'संलग्न' की 'जोडलेलं'? सायकलमार्गांच्या जाळ्यासाठी शब्द हवा आहे

अर्धवट_अनुवाद
कोथरूडमधल्या आमच्या रहिवासी गटासाठी एक आठ पानी टिपण मराठीत करतेय. विषय असा, की मोठ्या शहरात सायकलमार्गांचं एकमेकांना जोडलेलं जाळं कसं आखतात. मूळ इंग्रजीत 'कनेक्टेड नेटवर्क ऑफ बाइक रूट्स' हे शब्द दर परिच्छेदाला येतात. पहिल्या खर्ड्यात मी 'बाइक मार्गांचे संलग्न जाळे' असं लिहिलं. बैठकीत पहिलंच वाक्य वाचलं आणि एक आजोबा उठले, "बाइकवाल्यांना आणखी रस्ते कशाला? फुटपाथ पुरत नाहीत का त्यांना?" पुण्यात बाइक म्हणजे मोटारसायकल, हे मला आधी सुचायला हवं होतं. तिथे 'सायकल' केलं.

मग 'संलग्न'. एक निवृत्त प्राध्यापिका म्हणाल्या, संलग्न महाविद्यालय असतं, रस्ता नव्हे. म्हणून 'सलग' केलं. तर रस्त्यांचे नकाशे काढणारा गटातला मुलगा म्हणाला, "काकू, सलग आणि जोडलेलं एक नाही, सगळा अर्थ बदलतो." तो बरोबर आहे असं वाटतंय, पण का ते नीट सांगता येत नाहीये.

तिसरा घोळ 'मेश विड्थ'चा. नकाशावर मार्गांचं जाळं काढलं की मधे चौकोनी घरं पडतात. त्या घराची रुंदी, म्हणजे एका मार्गापासून पुढच्या समांतर मार्गापर्यंतचं अंतर. याला मराठीत काय म्हणाल? शनिवारी छपाईला द्यायचंय.

बोळातला
मुलगा बरोबर आहे. सलग हा रेघेचा गुण आहे, जोडलेलं असणं हा जाळ्याचा. समजा एखाद्या मोठ्या रस्त्याकडेने तीन किलोमीटर ट्रॅक आहे, मधे कुठे खंड नाही, पण दोन्ही टोकांना तो हवेत संपतो. तो सलग आहे, जोडलेला नाही. याउलट सदाशिव-नारायणातले बोळ घ्या. एकही सलग नाही, शंभर पावलांवर वळतो, कुणाच्या तरी वाड्याच्या भिंतीला आपटतो. पण प्रत्येक बोळ दुसऱ्या बोळात निघतो. शाळेत असताना मी टिळक रोडवरून शनिवारवाड्यापर्यंत लक्ष्मी रोड नुसता ओलांडून जायचो, त्याच्यावरून एक चाकही फिरवायचो नाही. खरं जाळं ते.

कात्री_आणि_टेप
वडील शिंपी होते, म्हणून बोलतो. दुकानात सलग म्हणजे बिनजोडाचं कापड. "सलग निघेल का हो?" असं गिऱ्हाईक विचारायचं, म्हणजे मधे शिवण नको. तेव्हा 'जोडलेलं' हा आमच्याकडे सलगचा उलटा शब्द! तुम्ही टिपणात 'सलग, जोडलेले' असं लिहिलंत तर आमचे वडील वरून हसतील.

भाषाप्रहरी
मुळात 'सायकल', 'नेटवर्क', 'रूट', 'ट्रॅक' हे सगळं परकं घरात घेऊन मग एका विशेषणासाठी रडण्यात अर्थ नाही. मराठीत 'दुचाकी' आहे. 'सुसंबद्ध दुचाकीमार्गजाल' असा नेटका शब्द होतो. मराठी माणूस चार दिवस वापरेल आणि पाचव्या दिवशी तो रुळेल.

बोळातला
@भाषाप्रहरी अहो, दुचाकी कधीच स्कूटरकडे गेली! 'दुचाकीवरून आलेल्या चोरट्यांनी मंगळसूत्र हिसकावले' या बातमीत तुम्हाला सायकल दिसते का? काकूंचा 'बाइक'चा घोटाळा मराठीत पुन्हा होईल, आजोबा पुन्हा उठतील.

पंप_आणि_पंक्चर
माझे आजोबा पायगाडी म्हणायचे. त्यांच्या पायगाडीला पालिकेचा बिल्ला होता, दरवर्षी नवा घ्यायचा. रात्री दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडायचा, डबलसीट दिसलं तरी सोडायचा. पायगाडी हा काय वाईट शब्द आहे? कोशातही मिळेल.

भाषाप्रहरी
'पायगाडी' मान्य. पण मग 'पायगाडीमार्ग' म्हणा, 'ट्रॅक' नको. आणि लेनला 'मार्गिका' आहेच.

तिरकस_तात्या
मार्गिकेचं नाव नका काढू. बीआरटी आली तेव्हा बसच्या वेगळ्या पट्ट्याला मार्गिका म्हणायचे. 2006 साली कात्रज-स्वारगेट-हडपसर सुरू झाली तेव्हाची वर्तमानपत्रं काढून पाहा. आता मेट्रोची अख्खी लाइनच मार्गिका झाली. वनाझपासून रामवाडीपर्यंत, नदीवरून, डोक्यावरून, ती मार्गिका. आणि रस्त्याकडेला लाल रंग मारलेला दीड मीटरचा पट्टा, तीही मार्गिका. एकाच शब्दात हत्ती आणि मुंगी. 'मार्गिका जोडल्या' म्हटल्यावर वाचणाऱ्याने काय समजायचं, सिव्हिल कोर्टला मेट्रो बदलायची की सायकल?

खाडीकाठी
इथे मी बहुतेक नुसता वाचत असतो, पण मेश विड्थ वाचून राहवेना. आम्ही रत्नागिरीकडचे, घरात जाळी. त्या भोकाला मराठीत शब्द आहे : आस. जाळ्याच्या आसाचा आकार किती, यावर कुठली मासळी लागणार ते ठरतं. आस मोठा ठेवला तर बारीक मासळी निसटते, फार बारीक ठेवला तर पिल्लंसुद्धा अडकतात. मत्स्यव्यवसायाच्या सरकारी कागदातही 'जाळ्याच्या आसाचा आकार' असंच लिहितात. तेव्हा शब्द नवा पाडायची गरज नाही, वापरातला आहे. फक्त पुण्याला समुद्र नाही एवढंच.

तुमच्या नकाशाला तो चपखल बसतो बघा. घर मोठं असलं तर मधे राहणारा माणूस निसटतो. म्हणजे त्याला मार्गापर्यंत जायलाच मोठा रहदारीचा रस्ता तुडवावा लागतो, मग तो सायकल काढतच नाही.

अर्धवट_अनुवाद
@खाडीकाठी दादा, तुमच्या तोंडात साखर. पण 'मार्गांचा आस' म्हटलं तर कोथरूडात कुणाला कळेल? मला तर आधी 'आस लागली' आठवलं.

पंप_आणि_पंक्चर
आणि मला चाकाचा आस! सायकलचं चाक ज्यावर फिरतं तो आस. बैलगाडीचाही आसच. पुढच्या चाकाचा आस वाकला की कितीही सरळ करा, चाक डुलतंच. आता सायकलच्या टिपणात 'आसाची रुंदी' लिहिलंत तर लोक पाना घेऊन येतील.

बोळातला
म्हणजे तीन आस. चाकाचा, जाळ्याचा आणि मनाचा (ही स्त्रीलिंगी). चाकाचा अक्षवरून आला असणार. जाळ्याचा कुठून?

तिरकस_तात्या
कोळी भोकाकडे आशेने बघतो म्हणून.

कालव्यापार
मी काही वर्षं हॉलंडात होते, म्हणून एक भर. तिथल्या सायकल आखणीत या अंतरासाठी जो शब्द आहे त्यातला पहिला भाग 'मास', आणि डचमध्ये मास म्हणजे जाळ्याचं भोक! म्हणजे त्यांनीही कोळ्यांचाच शब्द उचलला. खाडीकाठींची सूचना परकी वाटत असेल तर वाटू द्या, ज्यांच्याकडून ही विद्या आली तेही तिथूनच आलेत.

शिवाय त्यांच्याकडे चांगल्या सायकलमार्गाच्या पाच अटी सांगतात : जोडलेपण, सरळपणा, सुरक्षितता, आराम, आकर्षकपणा. पहिल्या अटीला ते 'सामनहांग' म्हणतात. शब्दशः पाहिलं तर 'एकमेकांना धरून लटकलेलं असणं'. आपल्याकडे 'एकमेकांना धरून' हा वाक्प्रचार किती सोपा आहे! 'एकमेकांना धरून असलेले सायकलमार्ग' का नाही चालणार?

तिरकस_तात्या
मास म्हणजे मासा. मराठी डचांकडे गेली, एवढंच सिद्ध झालं. वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती, घेऊन गेले असतील.

कालव्यापार
@तिरकस_तात्या 😄 नाही हो, तो इंग्रजी 'मेश'चा सख्खा भाऊ आहे. मत्स्यशी काही नातं नाही. पण वखार खरी.

आणखी एक, कारण तुम्हा सगळ्यांना आवडेल. तिकडे सहलीच्या सायकलमार्गांवर रस्त्यांची नावं नसतात, जिथे मार्ग मिळतात तिथे आकडे असतात. 12 वरून 47 वर, तिथून 8 वर. ही पद्धत बेल्जियमच्या लिंबुर्ग प्रांतात 1995 मध्ये सुरू झाली आणि ती सुचली ह्यूगो बोलेन नावाच्या खाण अभियंत्याला. कोळशाच्या खाणीतल्या बोगद्यांना जोडस्थळी आकडे असत, त्यावरून. अशा जागेला ते 'गाठ-ठिकाण' अशा अर्थाचा शब्द वापरतात. जाळं म्हटलं की गाठ आलीच. इंग्रजीतल्या 'नोड'ला आपण उगाच 'आसंधी', 'पातबिंदू' असलं काही करत बसतो.

बोळातला
गाठ छान आहे, पण पुण्यात गाठीला आधीच नावं आहेत. फाटा (पौड फाटा), नाका, चौक, तिठा. आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा. फाट्याला वाट फुटते, चौकात चार मिळतात. 'गाठ' म्हटलं तर लोक विचारतील, कुणाशी?

नकाशातला_मुलगा
मीच तो मुलगा, काकूंनी धाग्याची लिंक पाठवली. माझं म्हणणं थोडक्यात. पुण्याच्या 2017 च्या सायकल आराखड्यात 824 किलोमीटरचं जाळं मांडलंय. बैठकीत लोक हा आकडा घोकतात आणि मग भांडण 'किती झाले, किती राहिले' एवढ्यावरच येतं. पण किलोमीटर मोजणं म्हणजे लोकर किती किलो आणली ते सांगणं. स्वेटर झाला का? स्पेनमधलं सेव्हिल घ्या. तिथे सुमारे 80 किलोमीटर, पण ते थोड्या काळात आणि एकमेकांना जोडून केले, तुकडे टाकत बसले नाहीत. सायकलवरचे लोक कित्येक पटींनी वाढले. म्हणून माझा हट्ट होता की शीर्षकात जोडण्याचा शब्द पाहिजे. 'सलग' लिहिलं तर उद्या एखाद्या हमरस्त्याच्या कडेचा एक लांबलचक ट्रॅक दाखवून 'हे घ्या सलग' म्हणता येईल.

एखादा दुवा तुटला की काय होतं ते पुण्यात दर पावसाळ्यात दिसतं. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली. नकाशावर तो एक बारीक धागा, पण तो गेला की डेक्कन आणि नारायण पेठ एकदम लांब जातात.

कात्री_आणि_टेप
स्वेटरवरून सुचलं. मेश विड्थला वीण म्हणा ना. घट्ट वीण, सैल वीण. मध्य पेठांत सायकलमार्गांची वीण घट्ट, सिंहगड रस्त्यापलीकडे सैल. कुठल्याही बाईला आणि शिंप्याला कळेल.

अर्धवट_अनुवाद
'कुठल्याही बाईला' सोडलं तर फार आवडलं. 😊 'वीण' बसतंय.

पंप_आणि_पंक्चर
आमच्या गावाकडे वीण म्हणजे मांजरीची पिल्लं. 'दुसरी वीण झाली.' सायकलमार्गांची वीण वाढली पाहिजे म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा.

खाडीकाठी
वीण म्हणजे धागे किती जवळ ते, आस म्हणजे मधली मोकळी जागा. दोन्ही एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, पण काकूंना अंतर मोजायचंय. 'वीण 400 मीटर' असं कुणी म्हणत नाही. आसाला मीटर लावता येतात.

भाषाप्रहरी
आस, वीण, गाठ... चालू द्या. मी फक्त एवढंच लक्षात आणून देतो, की 'ट्रॅक' अजून तसाच बसलाय आणि कुणाला काही वाटत नाही.

कालव्यापार
वाटतं ना. मी ज्या कॅनॉलच्या कडेने रोज जाते, तिथे ट्रॅकबिक काही नाही. माती, गुलमोहर आणि सकाळी चालणारे. त्याला सगळे 'कॅनॉल रोड' म्हणतात. माझी सासू 'कालव्याकडची वाट' म्हणायची. वाट शब्द इतक्या चर्चेत कुणाला आठवला नाही, याचं नवल वाटतंय. पायवाट, आडवाट, वहिवाट. 'सायकलवाट' म्हणा आणि मोकळे व्हा.

भाषाप्रहरी
सायकलवाट! अर्धी परकी असली तरी हरकत घेणार नाही.

तिरकस_तात्या
'सायकलींची वाट लागली' हे मथळे आत्ताच तयार आहेत.

बोळातला
वाट ही चालून चालून पडते, आखत नाहीत. टिपण आखणीबद्दल आहे.

नकाशातला_मुलगा
उलट, आखणाऱ्याने आधी वाटा बघाव्यात. लोक कुठून सायकल घालतात, उलट्या दिशेने कुठल्या बोळात शिरतात, दुभाजकाला कुठे खिंडार पाडलंय. तिथेच जोड हवा असतो.

अर्धवट_अनुवाद
आज छपाईला दिलं. शीर्षक : 'एकमेकांना जोडलेल्या सायकलवाटा'. 'जाळं' आत ठेवलं. मेश विड्थच्या जागी शब्दच काढून टाकला, चौकोनांचं चित्र दिलं आणि खाली लिहिलं 'एका वाटेपासून पुढच्या वाटेपर्यंत'. खाडीकाठी दादा, रागावू नका, आस शेवटच्या पानावर चौकटीत घेतलाय. आजोबांना प्रत दाखवली. त्यांनी फक्त विचारलं, "यात पायडल मारणाऱ्याला सिग्नलला पाय कुठे टेकवायचा ते लिहिलंय का?" लिहिलेलं नाहीये.

पंप_आणि_पंक्चर
आजोबांना नमस्कार. बरं, पायडल की पेडल? आमच्या दुकानात सगळे पायडलच म्हणतात. पायाने मारायचं म्हणून पायडल, यात इंग्रजी कुठून आलं?

कालव्यापार
लॅटिनमधला पाय आणि आपला पाद-पाय हे चुलत भाऊ आहेत, तेव्हा तुम्ही अर्धे बरोबर आहात.

भाषाप्रहरी
'पादचालक' म्हणता येईल.

तिरकस_तात्या
नको, भर चौकात नको.