गोल्फचा स्विंग मोडून नव्याने शिकावा का? स्लाइस आणि कंबर दोन्ही छळतायत

नमस्कार मंडळी,

वय ५४, राहायला बेलापूरला. तीन वर्षांपूर्वी एका मित्राबरोबर खारघरच्या गोल्फ कोर्सवर सहज म्हणून गेलो आणि तिथेच रमलो. सिडकोचा हा कोर्स सभासदत्व नसलं तरी पैसे भरून खेळता येतो, नाहीतर माझा या खेळाशी संबंध यायचं काही कारणच नव्हतं. पांडवकड्याच्या डोंगराखाली सकाळी साडेसहाला पहिल्या टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) उभं राहिलं की आठवडाभराचा शीण जातो.

शिकलो सगळं व्हिडिओ बघून आणि मित्रांना विचारून. त्याआधी पंचवीस वर्षं टेनिस बॉल क्रिकेट खेळलोय, तोच आडवा फटका हातात बसलाय. ड्रायव्हर (सगळ्यात लांब फटक्याचा क्लब, म्हणजे काठी) मारला की बॉल सरळ निघतो आणि मधेच उजवीकडे वळत झाडीत जातो, यालाच स्लाइस म्हणतात. आता मी फेअरवेच्या (टीपासून होलकडे जाणाऱ्या आखूड गवताच्या पट्ट्याच्या) डाव्या कडेवर नेम धरूनच उभा राहतो. नऊ होलला ५३-५४ फटके होतात. आयर्न (धातूच्या पात्याचा, कमी अंतराचा क्लब) मारल्यावर जमिनीतून जो गवताचा तुकडा निघतो, त्याची खूणही दर वेळी डावीकडेच तोंड करून असते. आमचा कॅडी (बॅग उचलणारा सोबती) दोन वर्षं एकच सांगतोय, "साहेब, खांदा आधी उघडतो." कळतं, पण बॉलसमोर उभं राहिलं की अंग ऐकत नाही.

मागच्या महिन्यापासून खेळून आल्यावर कंबरेत उजव्या बाजूला कळ येते. म्हणून एका कोचना भेटलो. त्यांनी तीन बॉल मारायला लावले आणि म्हणाले, "हे सगळं मोडून पहिल्यापासून बांधावं लागेल, दोन-तीन महिने स्कोअर बिघडेल." दहा धड्यांचे १५ हजार. पैशांची सोय होईल. भीती वेगळीच आहे. कधीतरी संध्याकाळी सेव्हन आयर्न असा काही लागतो की हाताला काही जाणवतच नाही आणि बॉल ग्रीनवर (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर) जाऊन थांबतो. तो फटका माझ्या याच स्विंगमधून आलाय. स्विंग मोडला आणि नवा बसलाच नाही, तर हातात काय उरेल?

अमेरिकन गोल्फर बबा वॉटसन म्हणे कधी रीतसर धडे न घेता २०१२ आणि २०१४ मध्ये मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकला. दुसरा गोल्फर जिम फ्युरिक, त्याचा स्विंग तर सगळ्या जगाहून वेगळा. मग माझा आहे तसा का ठेवू नये? ज्यांनी पन्नाशीनंतर शिकवणी लावली त्यांनी कृपया अनुभव सांगा.

प्रतिसाद १

आधी कंबर डॉक्टरांना दाखवा. गोल्फ नंतर.

प्रतिसाद २

मी ४९व्या वर्षी धडे घेतले, म्हणून लिहिते आहे.

फ्युरिकचं उदाहरण तुम्ही अर्धंच घेतलंत. त्याचे वडीलच त्याचे कोच, लहानपणापासून. त्यांनी त्याचा वेगळा स्विंग मोडला नाही, पण बॉलला लागण्याच्या क्षणी क्लब कसा यायला हवा ते पक्कं करून घेतलं. त्याच स्विंगवर तो २००३ची यूएस ओपन जिंकला आणि २०१६ मध्ये ५८चा राउंड (अठरा होल ५८ फटक्यांत) खेळला. म्हणजे कोच असणं आणि आपला स्विंग टिकवणं एकत्र नांदू शकतं.

तुमचा बॉल सरळ निघून मग वळतो, यातच निदान आहे. बॉल निघतो तो साधारण क्लबफेसच्या, म्हणजे क्लबच्या बॉलला लागणाऱ्या बाजूच्या, दिशेने. वळतो तो फेसची दिशा आणि क्लबचा मार्ग यांत फरक असल्यामुळे. तुमचा क्लब बाहेरून आत, डावीकडे कापत येतोय. जमिनीतल्या खुणा तेच सांगतात. त्यात तुम्ही डावीकडे नेम धरता, म्हणजे तो मार्ग आणखी डावीकडे न्यायची सवय अंगाला लावताय.

एक करा. डाव्या हाताचा ग्लोव्ह काढून बघा. करंगळीखाली, तळव्याच्या टाचेशी झिजलाय का? माझा तिथेच भोक पडून फाटायचा. क्लब बोटांत न धरता तळव्यात धरत होते. कोचनी पहिले दोन धडे फक्त ग्रिपवर (क्लब धरण्याच्या पद्धतीवर) घालवले, स्विंगला हात लावला नाही. निम्मा स्लाइस तिथेच गेला.

दहा धडे एकदम घेऊ नका. एकच घ्या आणि विचारा: "एकच गोष्ट बदलायची तर कोणती?" उत्तर न देता 'सगळंच' म्हणणाऱ्यापेक्षा दुसरा कोच बघा. सगळं बदलायला टायगर वुड्सची गोष्ट वेगळी. १९९७ची मास्टर्स १२ फटक्यांनी जिंकूनही त्याने आपला कोच बुच हार्मनबरोबर स्विंग नव्याने बांधला, पण त्याचा दिवसच त्यासाठी होता. आपल्याला शनिवार-रविवार मिळतो.

धागाकर्ता

ताई, आत्ता बॅगेतून ग्लोव्ह काढून बघितला. अगदी तुम्ही म्हणता तिथेच कातडं पातळ होऊन बोट आरपार दिसतंय. तीन वर्षांत चार ग्लोव्ह झाले, सगळे तिथेच गेले, आणि मला वाटायचं माल हलका आहे.

मंगळवारी ऑर्थोपेडिककडे जातोय. त्यांनी परवानगी दिली की एकच धडा, तोही ग्रिपचा. तोवर ड्रायव्हर बॅगेतच. पटिंग (ग्रीनवरचे हलके फटके) करायला हरकत नसावी ना?